नऊ मुठी ज्वारी

माणसाच्या हाताचं वजन किती असतं, हे मला नीलव्वाबाईंनी शिकवलं. नऊ मुठी ज्वारी. मुठी बाईंच्या, म्हणजे लहान. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, वजन आणि बल यांच्या व्याख्या फळ्यावर लिहून खडू झिजवले, पण असलं माप माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

बाई आमच्या शाळेत मुलींना शिवण शिकवायच्या. गाव सास्तूरच्या पलीकडं, भूकंपानंतर माळावर नव्यानं वसवलेलं. रस्ते सरळ, घरांना नंबर, आणि दोन घरांच्या मध्ये बैलगाडी वळवता येईल एवढी जागा. लहानपणीच्या गावाची आठवण निघाली की बाई म्हणायच्या, "जुन्या गावात हाक मारली की तीन घरं वलांडून जायची. आता शेजारणीला बोलवायला चप्पल घालावी लागती."

अंगानं ठेंगण्या, कपाळाला विभूती, आणि डाव्या खांद्यावर पदरात तीन सुया टोचलेल्या. दोन शिवणाच्या. तिसरी कशाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "पोरींच्या पायात काटा मोडतो की, सर." खुर्चीवर बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. टाके मोजायच्या ते कानडीत, ओंदु, एरडु, मूरु, आणि काम मनासारखं झालं की एकच शब्द उच्चारायच्या, "साकु." पुरे. तो शब्द आला की चालू मशीनसुद्धा थांबायचं. रागावल्या तरी तोच शब्द, फक्त सूर वेगळा.

शिवणखोलीची किल्ली त्यांच्या कनवटीला असायची. दुसरी किल्ली नव्हती. मुख्याध्यापकांनी दोनदा मागून पाहिली. "मशिनी माझ्या लेकी हैत. परक्याच्या हातात देत न्हाय," असं म्हणून बाईंनी विषय मिटवला. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळं मुख्याध्यापकांनाही पुढं बोलता येईना.

एक दिवस शाळेत विज्ञानाच्या साहित्याचा खोका आला. त्यात करड्या दोऱ्याचं रीळ, चांदीसारखं चमकणारं कापड, तांब्याची चिकटपट्टी, मसुरीच्या दाण्याएवढे दिवे आणि चपटे गोल सेल. सोबतच्या कागदावर लिहिलेलं होतं की या दोऱ्यातून आणि कापडातून वीज वाहते, तारेऐवजी शिवण घालून विजेचं मंडल तयार करा. आता मला सुईत दोरा ओवता येत नाही. मी खोका उचलला आणि शिवणखोलीत गेलो.

बाईंनी दोरा दातानं तोडला, जिभेवर घोळवला आणि म्हणाल्या, "लोखंड हाय ह्यात." बरोबर होतं. पोलादाचे बारीक तंतू होते. मला ते कागद वाचून कळलं होतं, त्यांना चवीवरून.

पहिला प्रयोग मात्र बसला नाही. मी प्लस कुठं, मायनस कुठं ते खडूनं कापडावर काढून दिलं होतं, पण बाई जन्मभर वाकळा, म्हणजे गोधड्या, शिवत आलेल्या. वाकळीचा दोरा कडेनं निघतो, फिरत फिरत आत जातो, आणि त्यांच्या आईची शिकवण अशी की दोरा जिथून निघाला त्याच्या गाठीला आणून भेटवायचा, अधांतरी सोडायचा नाही. त्यांनी तसंच केलं. टाका इतका सुरेख की बघत राहावं. दिवा काही लागेना आणि सेल तापून हाताला चटका बसला. मी शॉर्ट सर्किट म्हणजे काय ते समजावलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, शिवण उसवली, आणि दुसऱ्या दिवशी मुलींना माझ्या देखत जे शिकवलं ते मी पुढं दरवर्षी माझ्या वर्गात चोरून वापरलं.

"ह्यो प्लस म्हंजे माहेर," त्या म्हणाल्या. "ह्यो मायनस म्हंजे सासर. दोन्हीकडनं दोरा निघतो, पर माहेर-सासर थेट भिडू द्यायचं न्हाय. भिडलं की भांडान, सेल तापतो. मधी पोरगी पायजे. ती उजेड पाडती." मुली खो खो हसल्या. आणि एकीचीही चूक झाली नाही.

त्या दोऱ्याची गाठ सुटायची, तो निसरडा. गाठीवर नखपॉलिशचा थेंब टाकला की ती पक्की बसते, हे खोक्यातल्या कागदावर होतं. शाळेत नखपॉलिशला बंदी. बाई सरळ मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या आणि त्यांच्या टेबलाच्या खणातून मुलींकडून जप्त केलेल्या सात बाटल्या घेऊन आल्या. "सरकारी कामाला लागतंय," असं सांगितलं म्हणे. त्या वर्षी आमच्या शाळेतल्या सगळ्या मंडलांच्या गाठी लाल नाहीतर गुलाबी होत्या, आणि एक जांभळी.

जरीचा गोंधळही त्यांचाच. जुन्या साडीच्या जरीतून वीज जाते, हे त्यांनी स्वतः शोधलं. लग्नातल्या शालूचा काठ दोन टोकांना धरला आणि दिवा लागला. झालं. पोरी घरोघरच्या साड्यांचे काठ घेऊन शाळेत येऊ लागल्या. कुणाचा दिवा लागे, कुणाचा नाही. तिसऱ्या दिवशी गावातल्या एका घरात थोरल्या आणि धाकट्या जावेत जुंपली, कारण थोरलीच्या शालूवर दिवा लागला आणि धाकटीच्या शालूवर लागला नाही. सासू तणतणत शाळेत आली. मी सांगायला लागलो की दिवा लागला म्हणजे नुसता धातू आहे एवढंच ठरतं, चांदी आहे असं नव्हे. पण बाईंनी मला गप्प केलं. सासूच्या हातातला धाकटीचा काठ घेतला, मशीनआड जाऊन काहीतरी खुडबुड केली आणि दिवा लावून दाखवला. सासू समाधानानं गेली. जाताना बघतो तो तिच्या हातातल्या काठाच्या उलट्या बाजूनं करडा दोरा टाचलेला.

"हे खोटं झालं की, बाई," मी म्हणालो.

"एका टाक्यानं घर शिवून निघतंय तर खोटं काय, सर?"

हे वाक्य पुढं मला फार वेगळ्या प्रसंगी आठवायचं होतं.

त्यांचे मालक मल्लिनाथ जनावरांच्या बाजारात दलाल होते. आवाज असा की बाजाराच्या या टोकाला बोलले तर त्या टोकाचा बैल कान टवकारायचा. पण सौदा मात्र मुका. उपरण्याखाली हात घालायचे, समोरच्याची बोटं दाबायची, आणि चारचौघांत उभं राहून कुणाला पत्ता लागू न देता भाव ठरवायचा. मी एकदा पाहिलं होतं. तोंडानं पावसापाण्याच्या गप्पा चाललेल्या आणि कापडाखाली बोटं बोलतायत.

त्यांना अर्धांगवायू झाला. वाचा गेली, उजवं अंग गेलं. डावा हात तेवढा जिवंत राहिला, तोही दोन बोटांपुरता. घर शाळेला लागूनच, मध्ये फक्त कंपाउंडची भिंत. तरी बाईंचा जीव वर्गात नसायचा. तासाच्या मध्येच उठून भिंतीच्या फटीतून घराकडं बघून यायच्या. त्यांच्या भावानं साधं घंटीचं बटण आणून दिलं, पण ते दाबण्याएवढं बळ त्या बोटांत नव्हतं.

मग एक दिवस त्या माझ्याकडं आल्या आणि म्हणाल्या, "सर, ते चांदीचं कापड उरलंय का?"

त्यांनी जे केलं ते असं. चांदीच्या कापडाचे दोन तळहाताएवढे तुकडे घेतले. मध्ये गादीतल्या स्पंजचा पातळ थर ठेवला आणि त्या थराला मधोमध भोक पाडलं. दाबलं की भोकातून वरचं कापड खालच्या कापडाला टेकतं आणि मंडल पुरं होतं, सोडलं की तुटतं. हे मालकांच्या वाकळीत, डाव्या हाताखाली येईल असं शिवलं. करड्या दोऱ्याच्या दोन शिवणी वाकळीच्या कडेपर्यंत नेल्या, तिथून साधी तार भिंतीवरून शिवणखोलीत, आणि खोलीत खिडकीपाशी सेलवर चालणारी घंटी. बाईंची आई वाकळ पुरी झाली की कोपऱ्यात ज्वारीचे चार दाणे घालायची, वाकळ उपाशी राहू नये म्हणून. बाईंनी या वाकळीतही घातले.

घंटी वाजली. वाजतच राहिली. हात नुसता ठेवला तरी वाजायची. पहिल्या दिवशी बाई घरी अकरा वेळा पळाल्या, आणि अकराही वेळा मालक निवांत झोपलेले.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा बाईंनी तागडी काढली होती. मालकांचा हात कोपरापासून अलगद उचलून एका पारड्यात ठेवला आणि दुसऱ्या पारड्यात मुठीमुठीनं ज्वारी टाकायला लागल्या. ओंदु, एरडु, मूरु. नवव्या मुठीला काटा सरळ झाला. मल्लिनाथ डोळ्यांनी हसत होते. जन्मभर दुसऱ्याच्या जनावराची किंमत केलेला माणूस स्वतः तागडीत बसला होता. ती ज्वारी बाईंनी एका फडक्यात बांधली आणि ती पुरचुंडी बटणावर ठेवून पाहिली. घंटी वाजली. स्पंजचा दुसरा थर घातला. पुरचुंडी ठेवली, वाजली नाही. वरून एका बोटानं जरासं दाबलं, वाजली.

"साकु," बाई म्हणाल्या. "आता हात पडला तर वाजनार न्हाय. मनात आलं तरच वाजंल."

त्या दोघांची बोली ठरली. एकदा वाजलं तर पाणी. दोनदा वाजलं तर, ये. ये म्हणजे काम काही नाही, नुसतं ये. आयुष्यभर उपरण्याखाली बोटं दाबून बोललेला माणूस वाकळीखाली बोलायला लागला. शिवणाच्या तासाला दोनदा घंटी झाली की मुली एकमेकींना कोपरानं ढोसायच्या आणि बाई लाजून, पदर सावरत, भिंतीला वळसा घालून पलीकडं जायच्या. पाच मिनिटांत परत. "काय म्हणाले मालक?" असं एखादी धीट पोरगी विचारायची. "काय म्हनत्यात? दिसली न्हाय सकाळपासनं, म्हनत्यात."

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला अवघड जातं, कारण त्यात माझा हात आहे.

धाराशिवला जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. शिक्षकांच्या साहित्याचा वेगळा विभाग होता. बाईंनी तसंच दुसरं बटण करून न्यावं, असं मी धरून बसलो. त्या तीनदा नाही म्हणाल्या. "त्येनला सोडून म्या कुठं जात न्हाय, सर." मी म्हणालो, एकच दिवस, संध्याकाळी परत. तुमच्या हातात जे आहे ते चार लोकांना कळू द्या. खरं सांगायचं तर मला माझ्या शाळेचं नाव व्हायला हवं होतं. शेवटी त्यांनी शेजारच्या गंगूबाईंना घरी बसायला सांगितलं, मालकांच्या हाताखाली बटण नीट सारलं आणि आम्ही पहाटेच्या बसनं निघालो.

प्रदर्शनात बाईंच्या टेबलापुढं गर्दी झाली. जो येई तो बटण दाबून बघे आणि घंटी वाजली की हसे. बाई आधी बुजल्या होत्या, दुपारपर्यंत खुलल्या. माहेर-सासर सांगितलं तेव्हा परीक्षकसुद्धा हसले. मी त्यांना एवढं मोकळं कधी पाहिलं नव्हतं.

इकडं दुपारी गावात लाइट आली म्हणून गंगूबाई दळण घेऊन गिरणीवर गेल्या. लागलंच काही तर घंटी वाजेल, शाळेत ऐकू जाईल, असा त्यांनी विचार केला. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. सगळ्या गावाचा त्या घंटीवर विश्वास होता. पण घंटी शिवणखोलीत होती, शिवणखोलीला कुलूप होतं, आणि किल्ली बाईंच्या कनवटीला धाराशिवला होती. निघताना हे गंगूबाईंच्या लक्षात आलं नाही, बाईंच्या आलं नाही आणि माझ्याही आलं नाही. तारेचं दुसरं टोक कुठं जोडलं आहे, असा प्रश्न परीक्षेत दरवर्षी घालणारा माणूस मी.

शिपाई इमामभाईंचा फोन मला आला. बाईंना मी एवढंच सांगितलं की मालकांना बरं वाटत नाही.  बसमध्ये त्या बटण मांडीवर पालथं ठेवून खिडकीबाहेर बघत होत्या. मल्लिनाथांना दुसऱ्या दिवशी शेतात, लिंगायतांच्या रीतीनं, बसवून माती दिली.

त्याच दिवशी इमामभाईंनी मला शाळेच्या फाटकापाशी गाठलं. डोळे सुजलेले. "सर, बेल वाजत व्हती. दोनदा वाजायची, थांबायची. फिरून दोनदा. मला वाटलं, घरी गंगूबाई हाय, बेलच बिघडली आसंल. किल्ली न्हाय, खिडकीतनं काठी घालून बगितलं, पोचंना. लई येळ वाजली, सर. मग हळू हळू वाजायला लागली. मग मला काय तरी वंगाळ वाटलं म्हनून म्या घराकडं पळालो." आणि ते रडायला लागले. दोनदा म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं. मी त्यांना हे कुणापुढं बोलू नका, बाईंपुढं तर नाहीच, असं बजावलं.

आठवड्यानं बाई शाळेत आल्या. खोली उघडली, मशीनवरची धूळ पुसली. मी दारात उभा होतो. पाठमोऱ्या असतानाच त्यांनी विचारलं, "सर, घंटी वाजली म्हनत्यात त्या दिवशी. कशी वाजली?"

"एकसारखी," मी म्हणालो. "हात पडला असेल बटणावर."

बाईंनी हातातलं फडकं घडी घालून मशीनवर ठेवलं. मग म्हणाल्या, "दोन थर हैत, सर. आपुनच तोललं व्हतं."

"शेवटी हात जड होतो, बाई."

त्या वळल्या आणि माझ्याकडं बघितलं. मला तिथून पळून जावंसं वाटलं. विज्ञान शिकवणाऱ्या माणसानं असं बोलावं, आणि तेही ज्यांनी ज्वारी घालून हात तोलला त्यांच्यापुढं.

"व्हय," बाई म्हणाल्या. "जड व्हतो म्हनत्यात."

त्यानंतर शिवणखोलीची किल्ली दाराबाहेर खिळ्याला लटकायला लागली. कुणीही काढावी, कुणीही लावावी. मुख्याध्यापकांना आश्चर्य वाटलं. मला त्या किल्लीकडं बघवत नसे.

बाई बटणं शिवत राहिल्या. लोहाऱ्यापासून उमरग्यापर्यंत कुणाकडं अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे असं कळलं की रविवारी पिशवी घेऊन जायच्या. दोनचारदा मीही गेलो. गेल्या गेल्या त्या आधी एकच विचारायच्या, "घंटी कुठं ठिवनार? तितं रोज मानूस असतंय का?" आणि प्रत्येक ठिकाणी दुसरी घंटी शेजारच्या घरात बसवायच्या. स्पंजचा थर मात्र एकच, तोही पातळ. लोक तक्रारी घेऊन यायचे. म्हातारीनं कूस बदलली तरी वाजते, मांजर बसलं तरी वाजते, दिवसातून वीस वेळा उठावं लागतं. मी म्हणालो, "बाई, एक थर वाढवून द्या ना."

"न्हाय," त्या म्हणाल्या. "वीस येळा उगंच उठलं तर पाय मोडत न्हाईत."

एवढ्या करड्या आवाजात त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. त्यांना सगळं ठाऊक आहे, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. कदाचित कळलंही होतं.

पुढं मी निवृत्त झालो, बाईंचंही काम थांबलं. त्या येडशीला बहिणीच्या लेकीकडं राहायला गेल्या. आजारी आहेत असं कळलं म्हणून गेल्या हिवाळ्यात मी भेटायला गेलो. स्टेशनपासून जवळच घर. भाचीनं आत नेलं. बाई खाटेवर होत्या, आधीच लहान मूर्ती, आता अगदी मूठभर. अंगावर मालकांचीच वाकळ. खांद्यावर सुया नव्हत्या.

वाकळीच्या डाव्या बाजूला मी सवयीनं हात लावून पाहिला. बटण उसवून काढलेलं होतं. सुयांची भोकं तेवढी राहिली होती.

"तुमच्यासाठी बटण नाही शिवलं, बाई?"

"आता कुनाला पळवू?" त्या म्हणाल्या. भाची शेजारीच उभी होती, तिनं तोंड फिरवलं.

मला त्या दिवसाबद्दल बोलायचं होतं. खरं तर त्यासाठीच मी गेलो होतो. "बाई, त्या दिवशी मी तुम्हाला जे सांगितलं..."

"साकु, सर," त्या म्हणाल्या. रागावून नव्हे. काम मनासारखं झाल्यावर म्हणायच्या, त्या सुरात.

भाचीनं चहा आणला, मी घेतला. बाईंनी उशाखाली हात घालून एक फडक्याची पुरचुंडी काढली. मी ओळखली, नऊ मुठींची. ज्वारीला कीड लागते म्हणून मावशी दर वर्षी तागडी काढून नवी भरते, तेवढीच भरते, असं भाची म्हणाली. बाईंनी ती पुरचुंडी आपल्या उजव्या तळहातावर ठेवली आणि त्यावर वाकळ ओढून घेतली.

मी निघायला उठलो तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते. झोप लागली असं वाटून मी पाय न वाजवता दारापर्यंत गेलो आणि मागं वळून पाहिलं. वाकळीखाली बोटं हलत होती. दोनदा दाबली. थांबली. परत दोनदा.